जुनी पर्स, नवे हात

(शिरूर आणि दौंड येथे बचत गटातल्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांसमोर केलेल्या दोन भाषणांचं हे एकत्र शब्दांकन. दोन्हीकडे बायकांनी मध्येच विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं ओघात घेतली आहेत.)

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणी हसल्या. एक जण म्हणालीसुद्धा, "ताई, कधी दारूबंदीवर बोलता, कधी रेशनवर, आज पर्सवर?" होय, आज पर्सवर. मोठ्या कंपनीच्या, महागड्या, वापरून जुन्या झालेल्या चामड्याच्या पर्सवर. ती घरी कशी साफ करायची, कशी दुरुस्त करायची, याबद्दल मी बोलणार आहे. पण पर्स साफ करता करता तिच्या अस्तरातून काय काय बाहेर पडतं, तेही पाहायचं आहे.

हा विषय मी आणलेला नाही, तुम्हीच आणलात. दौंडहून सकाळच्या गाडीने हडपसरला, पुण्याला घरकामाला जाणाऱ्या काही जणी इथे आहेत. शिरूरच्या काही जणी रांजणगावच्या, वाघोलीच्या सोसायट्यांत काम करतात. मालकीण कपाट आवरते तेव्हा पिशवीत घालून जुने कपडे देते, त्यात कधी कधी एखादी पर्स असते. बुरशी आलेली, पट्टा तुटलेला, चेन अडकलेली. पूर्वी ती पोरीला खेळायला मिळायची. आता मोबाईलमुळे आपल्याला कळलं आहे की हीच पर्स नीट केली तर काही हजारांना विकली जाते, आणि जुन्या पर्स विकत घेऊन, साफ करून विकणारे व्यापारी आहेत. त्यातला एक व्यापारी दौंडच्या गटाकडे आला आणि म्हणाला, "बायकांनो, घरबसल्या काम देतो." तेव्हा गटाने मला बोलावलं. म्हणून हे भाषण.

जुन्या वस्तूला पुन्हा किंमत आणणं हे काम बायकांना नवीन आहे का? आपल्या दारावर येणारी बोहारीण आठवा. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. जुन्या लुगड्यावर एक पातेलं, दोन पँटींवर एक डबा. ती तो कपडा धुवायची, रफू करायची, इस्त्री करून बाजारात विकायची. आपण तिच्याशी पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस केली, पण तिच्या कामाला कधी 'धंदा' म्हटलं नाही, 'कौशल्य' तर नाहीच नाही. आज शहरातली मुलं हेच काम मोबाईलवर करतात, तेव्हा त्याला उद्योजकता म्हणतात!

आणि जुन्या वस्तूची किंमत कोणाची वस्तू यावर कशी ठरते पाहा. जेन बर्किन नावाच्या नटीसाठी हर्मेस या फ्रेंच कंपनीने १९८० च्या दशकात एक बॅग बनवली. ती तिने अनेक वर्षं वापरली. बॅग ओरखडली, डागाळली, तिच्यावर स्टिकरच्या खुणा राहिल्या. ती जुनी बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. तेव्हाच्या भावाने सुमारे ८६ कोटी रुपये. तिचे ओरखडे कोणी काढले नाहीत, कारण ते ओरखडेच विकले गेले. आपल्या खांद्यावरच्या पिशवीवरचे ओरखडे मात्र गरिबीची खूण ठरतात.

पर्स बनवतं कोण?

साफ करण्याआधी हा प्रश्न विचारू या. आपल्याला वाटतं, लाखाची पर्स म्हणजे बनवणाऱ्याला भरपूर मिळत असणार. इटलीत मिलानच्या न्यायालयाने जून २०२४ मध्ये डिओर या कंपनीच्या एका उत्पादन शाखेवर देखरेख नेमली. तपासात निघालं की दुकानात २६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगच्या जुळणीचे कंत्राटदाराला ५३ युरो दिले जात होते, चामड्याचा खर्च वेगळा. कंत्राटदाराकडे कामाला होते चीनमधून आलेले कामगार. त्यातले काही कागदपत्रं नसलेले होते, काही कारखान्यातच झोपणारे होते. कंपनीने पुरवठादारांच्या तपासणीची पद्धत बदलल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ही देखरेख उठली. पण हिशेब सगळ्या जगाला दिसला. घरात किंवा कोंदट शेडमध्ये तुकड्यावर काम करणारा माणूस इटलीतही तसाच आणि आपल्याकडेही तसाच.

आता आपल्या घरचं उदाहरण. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून ते आहे. आपल्या बाजूने ते संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथून ओरड झाली तेव्हा कंपनीने मान्य केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या महामंडळांशी करार केला. चांगलं झालं. पण त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट क्वचितच ऐकू आली. कोल्हापुरीवरची वेणी बायका घालतात. घरात बसून, स्वयंपाक आणि पाणी भरणं यांच्या मधल्या वेळात. ती वेणी हीच त्या चपलेची ओळख. पण बाईचं काम 'घरच्यांना हातभार' म्हणून मोजलं जातं, म्हणजे मोजलंच जात नाही.

चपलेचं कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी बाया हिरडा गोळा करतात. म्हणजे चामड्याच्या वस्तूमागे डोंगरातल्या बाईपासून वेणी घालणाऱ्या बाईपर्यंत बायकांची रांग उभी आहे. आता आपण या रांगेत पर्स साफ करणारी म्हणून उभं राहायचं म्हणतो आहोत. राहू या. पण डोळे उघडे ठेवून.

आता कामाचं बोलू

वह्या काढा. हे लिहून घ्या.

पहिली गोष्ट, पर्स कशाची आहे ते ओळखा. पट्ट्याची कापलेली कड पाहा. खरं चामडं असेल तर कडेला तंतू दिसतात, मागची बाजू लवदार लागते. कडेला कापड आणि वर पातळ प्लॅस्टिकचा थर दिसला तर ते रेक्झिन. आपल्या हवेत काही वर्षांनी रेक्झिनचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. तसा सुटायला लागलेला माल हातात घेऊ नका. तो दुरुस्त होत नाही आणि मेहनत वाया जाते. तिसरा प्रकार आहे कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेला. लुई व्हिताँच्या तपकिरी, अक्षरांच्या नक्षीच्या पर्स पाहिल्या असतील, त्या बहुतेक अशा. त्यांचं अंग ओल्या फडक्याने पुसलेलं चालतं. पण पट्टा आणि हँडल उघड्या, न रंगवलेल्या चामड्याचं असतं. त्यावर पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहतो. म्हणजे एकाच पर्सला दोन नियम.

दुसरी गोष्ट, पर्स रिकामी करा. कप्पे उलटे करा, अस्तर बाहेर ओढा. कोपऱ्यातली घाण सुक्या दातांच्या ब्रशने काढा. आत जे सापडेल ते, पावती असो, नाणं असो, कानातलं असो, वेगळ्या पाकिटात घालून पाकिटावर पर्सचा नंबर लिहा आणि परत द्या. एक रुपयासुद्धा. हा आपल्या इज्जतीचा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल पुढे आणखी बोलणार आहे.

तिसरी, बुरशी. पुण्याच्या बंद कपाटात पावसाळा काढलेल्या पर्सला बुरशी असतेच. ती घरात झटकू नका. अंगणात, नाकातोंडाला फडकं बांधून, मुलांना लांब ठेवून, सुक्या मऊ ब्रशने झाडा. मग पर्स सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस ठेवा. उन्हात नको. शिरूर-दौंडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पत्र्यावर पापड वाळतो, तसं चामडंही वाळतं आणि तडकतं.

चौथी, पुसणं. इथेच सगळ्यात जास्त पर्स बिघडतात. कपड्याचा साबण, भांड्याचा साबण खारा असतो. चामडं कमावताना ते किंचित आंबट गुणाचं राहिलेलं असतं. खारा साबण लागला की ते कोरडं, कडक होतं आणि रंग सुटतो. म्हणून सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब वाटीभर पाण्यात घ्या, पांढरं सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा, आणि आधी पर्सच्या तळाला, दिसणार नाही अशा जागी लावून पाहा. फडक्यावर रंग आला तर थांबा. नाही आला तर हलक्या हाताने पुसा, साध्या ओल्या फडक्याने पुन्हा पुसा, लगेच कोरडं करा. रंगीत फडकं घेऊ नका, त्याचाच रंग उतरतो. पुसल्यावर पर्समध्ये जुन्या सुती साडीचा बोळा भरा म्हणजे आकार टिकतो. वर्तमानपत्र भरू नका, शाई अस्तराला लागते. एक दिवस तशीच ठेवा.

तेलाचा डाग असेल तर पाणी लावू नका. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, रात्रभर ठेवा, सकाळी झटका. दोन-तीनदा करावं लागतं. वास येत असेल तर वाटीत खाण्याचा सोडा घेऊन वाटी पर्समध्ये ठेवा, पर्स बंद करा, दोन दिवसांनी काढा. सोडा चामड्यावर चोळायचा नाही. बॉलपेनची रेघ बहुतेक वेळा पूर्ण जात नाही. ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा. नेलपॉलिश काढायचं द्रावण तर मुळीच लावू नका. रेघेबरोबर पर्सचा रंगही निघतो.

पाचवी, कड्या, बक्कल आणि चेन. आपल्या हाताला सवय आहे चिंच, लिंबू आणि पितांबरीची. देवाची भांडी आणि तांब्या त्याने लखलखतो, कारण तो आतबाहेर तांब्या-पितळेचा असतो. पर्सच्या कडीवर सोनेरी पाण्याचा पातळ मुलामा असतो. घासलात की मुलामा गेला आणि खालचा पांढरा धातू वर आला. म्हणून कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस. चेन अडकत असेल तर मेणबत्तीचा तुकडा दात्यांवर फिरवा.

सहावी, चामड्याला ओलावा परत देणं. शिरूरच्या बैठकीत एकीने विचारलं, "खोबरेल चालेल का?" नाही. खोबरेलाने चामडं काळपट होतं, तेल मुरत नाही तिथे चिकट राहतं आणि काही दिवसांनी खवट वास येतो. चामड्यासाठीचं बिनरंगी क्रीम मिळतं, ते हरभऱ्याएवढं फडक्यावर घेऊन पातळ लावा, अर्ध्या तासाने पुसा. बुटाचं मेणाचं पॉलिश लावू नका. बुटाला ते चालतं, कारण बूट साडीला घासत नाही. पर्स घासते, आणि गिऱ्हाईक साडीचे पैसे मागतं.

सातवी, शिवण. उसवलेला टाका मशीनवर घालू नका. जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पडली की चामडं फाडलेल्या तिकिटासारखं ओळीने सुटतं. जुन्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने, हाताने टाका घालायचा. आणि इथेच आपल्या गटांत खरा प्रश्न उभा राहिला.

आरी कोण धरणार?

पुसण्यापर्यंत सगळ्या उत्साहात होत्या. आरी आणि रापी सतरंजीवर ठेवली तेव्हा शांतता झाली. एक जण हळूच म्हणाली, "ताई, हे हातात घेतलं तर गावात काय म्हणतील?" जी म्हणाली तिच्या मांडीवर चामड्याची पर्स होती. पर्स खांद्याला चालते, आरी हाताला चालत नाही. हा विटाळ चामड्याचा नाहीच, तो कामाचा आहे, काम करणाऱ्या माणसाचा आहे.

आपल्या या कोरड्या तालुक्यांत विहिरीवर मोट चालायची. मोट चामड्याची. ती फाटली की शेत वाळायचं. मोट शिवणाऱ्या चर्मकाराला बलुतं मिळायचं, पण पाण्याला हात लावू दिला जायचा नाही! ज्याच्या टाक्यामुळे विहिरीचं पाणी वर यायचं, त्यालाच त्या विहिरीवर मज्जाव. आणि हर्मेस ही कंपनी, जिच्या जुन्या बॅगला ८६ कोटी मिळाले, तिची सुरुवात १८३७ मध्ये पॅरिसात घोड्यांचा साज शिवण्यापासून झाली. आरीचं भोक, मेणाचा दोरा, हाताचा ताण. तिकडे त्याला कला म्हणतात आणि बॅगवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत छापतात. इकडे त्याच कामाची शिवी झाली.

त्या शांततेनंतर गटातलीच एक बाई बोलली. चार वर्षं ती गटात आहे, हिशेब चोख ठेवते. ती म्हणाली, "माझे सासरे स्टेशनाबाहेर बसायचे. मला टाका येतो. गटात मी कधी सांगितलं नाही." मग तिने दोन अटी घातल्या. एक, शिकवेन, पण शिकवण्याचे पैसे घेईन. दोन, सगळ्या जणी शिकणार असतील तरच. "तुम्ही वरून ब्रश फिरवणार आणि आरी माझ्या हातात देणार, असं असेल तर मला बोलवू नका."

मैत्रिणींनो, या दोन अटी मला कुठल्याही ठरावापेक्षा मोठ्या वाटतात. 'आम्ही जात मानत नाही' असं म्हणणं सोपं आहे. आरी कोणाच्या हातात जाते यावरून गट जात मानतो की नाही ते कळतं. दौंडच्या गटाने दोन्ही अटी मान्य केल्या. दोन जणी मात्र त्यानंतर यायच्या थांबल्या. हेही सांगितलं पाहिजे.

हवेतलं विष

निघालेला पट्टा चिकटवायला सोल्युशन लागतं. त्याचा वास सुरुवातीला बरासुद्धा वाटतो. पण तो वास नीट समजून घ्या. इस्तंबूलमध्ये १९७० च्या दशकात बूट-चपला बनवणाऱ्या कामगारांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण सापडले. ते बंद खोल्यांत बेंझिन असलेली चिकट द्रव्यं वापरत होते. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरोघरी प्लॅस्टिकच्या सँडल चिकटवणाऱ्यांचे हातपाय बधिर होऊ लागले, चालता येईना. कारण होतं सोल्युशनमधलं हेक्झेन. लक्षात घ्या, ते काम कारखान्यात नाही, घरात होत होतं. घरबसल्या काम म्हणजे विषसुद्धा घरात. जिथे मूल झोपतं, जिथे भाकरी थापली जाते, तिथेच.

म्हणून नियम असा. सोल्युशन ओसरीवर किंवा अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून. जवळ चूल, शेगडी, उदबत्ती पेटलेली नको, भडका उडतो. बाटलीवर काय घटक आहेत ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी बाई या कामाला बसवू नका, पण तिचा वाटा कापूही नका. तिला हिशेबाचं, फोटो काढायचं काम द्या. डोकं दुखलं, मुंग्या आल्या, तर काम थांबवा आणि सरकारी दवाखान्यात काय वापरत होता ते सांगा. आणि मुलांना हे काम देऊ नका, 'नुसतं झाकण लाव' असं म्हणूनही नाही.

दराचा हिशेब

आता त्या व्यापाऱ्याकडे वळू. त्याने नमुन्याला सहा पर्स दिल्या आणि एका पर्सचे दीडशे रुपये सांगितले. घरबसल्या दीडशे! ऐकायला बरं वाटतं. गटाने एक चांगलं काम केलं, वेळ लिहून ठेवला. सोप्या पर्सला अडीच तास लागले, अवघड पर्सला नऊ. सहा पर्सना मिळून ३१ तास. क्रीम, दोरा, सोल्युशन, फडकी मिळून ५४० रुपये खर्च. व्यापारी देणार ९००. खर्च जाता उरले ३६०. भागा ३१ ने. तासाला बारा रुपयेही पडत नाहीत. यात त्याच्याकडे पर्स आणायला-पोचवायला जाण्याचं भाडं धरलेलं नाही.

बैठकीत एक जण म्हणाली, "नाहीतरी दुपारी रिकामंच असतो." हे वाक्य आपण फार सहज बोलतो. दुपारी आपण रिकाम्या असतो का? आणि रिकाम्या असलो तरी आपला वेळ फुकट का? व्यापाऱ्याच्या दुकानाचं भाडं धरलं जातं, विजेचं बिल धरलं जातं. आपलं घर, आपला दिवा, आपली कंबर मात्र धरली जात नाही. घरबसल्या कामाचा नफा इथूनच निघतो.

गटाने उलटा हिशेब मांडला. तासाला ६० रुपये, म्हणजे १८६०, अधिक साहित्य ५४०. एकूण २४००. पर्समागे सरासरी ४००. व्यापारी म्हणाला, परवडत नाही, आणि पर्स घेऊन गेला. त्याच पर्स तो काय किमतीला विकतो ते मुलींनी मोबाईलवर दाखवलं होतं, त्यामुळे कोणाला फार वाईट वाटलं नाही. पुढे घरकामाच्या ओळखीतून थेट मालकिणींकडूनच चार पर्स आल्या, चारशे ते सहाशे रुपये दराने. एवढंच. मी तुम्हाला खोटं स्वप्न दाखवणार नाही. यावर कोणाचं घर चालणार नाही. हा जोडधंदा आहे, तोही काम जमलं आणि ओळखी वाढल्या तर. म्हणून यासाठी कर्ज काढू नका. 'पर्स दुरुस्तीचा कोर्स' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. सुरुवातीचं साहित्य गटाच्या शिल्लकीतून येतं.

कायद्याचं थोडं. घरबसल्या काम करणारी बाई कामगार आहे, हे जागतिक कामगार संघटनेने १९९६ च्या १७७ क्रमांकाच्या करारात मान्य केलं. भारताने त्या करारावर अजून मोहोर उमटवलेली नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मात्र घरबसल्या काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ई-श्रमची नोंदणी प्रत्येकीने करून घ्या. ज्या घरकाम करतात त्यांनी २००८ च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणीही करा. कार्डाने लगेच पैसे मिळत नाहीत. पण आपण 'मदत करणाऱ्या मावशी' नाही, कामगार आहोत, याचा तो कागद आहे.

आणखी एक. पर्स 'अस्सल आहे' असं आपण कधीही लिहून द्यायचं नाही. ते ओळखणं आपलं काम नाही. आणि कोणी म्हणालं, साध्या पर्सवर या कंपनीचं नाव लावून द्या, शंभर जास्त देतो, तर सरळ नाही म्हणा. ट्रेड मार्क कायदा १९९९ प्रमाणे त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. सांगणारा पळून जातो. चौकीत बसते ती बाई.

चिठ्ठीवाचून पर्स नाही

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. दौंडच्या एका बाईला तिच्या पुण्याच्या मालकिणीने जुनी पर्स दिली. "घेऊन जा, फेकायचीच होती." तिने ती गटात नीट केली. तीन महिन्यांनी सुट्टीच्या पैशांवरून दोघींचं वाजलं. दोन दिवसांनी फोन आला, "माझी महागाची पर्स घरातून गेली आहे." बाईला चौकीत बोलावलं. मी सोबत गेले. तिथे पहिला प्रश्न होता, "तुझ्याकडे एवढी महाग पर्स आली कुठून?" आमच्याकडे आहे म्हणजे चोरीची आहे, हे जणू ठरलेलंच!

तिला वाचवलं एका मोबाईलच्या निरोपाने. पर्स साफ झाल्यावर तिने मालकिणीच्या मुलीला फोटो पाठवला होता, आणि मुलीचं उत्तर होतं, "मावशी, आईने दिली तेव्हा किती खराब होती, आता मस्त झाली!" तो निरोप तिने पुसला नव्हता म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. पण घर सुटलं, आणि शेजारच्या दोन घरांचं कामही सुटलं.

म्हणून आपल्या गटांचा पहिला नियम हा: चिठ्ठीवाचून पर्स नाही. भेट मिळालेली असो की कामाला आलेली. भेट असेल तर देणारीकडून एक ओळ, 'ही पर्स मी अमुक तारखेला स्वखुशीने दिली', कागदावर नाहीतर मोबाईलवर. मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. म्हणा, "आमच्या गटाचा नियम आहे, ताई." एकटीने मागितलं तर उद्धटपणा ठरतो, गटाने मागितलं तर नियम ठरतो. कामाला आलेली असेल तर घेतानाच सगळ्या बाजूंचे फोटो, आधीचे डाग, तुटलेल्या जागा, ठरलेला दर, तारीख, आणि दोघींच्या सह्या. दोन प्रती.

तर आज उठण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतल्या गटांनी चार गोष्टी ठरवाव्यात असं मी सुचवते. आरी सगळ्यांच्या हातात जाईल, आणि शिकवणारीला शिकवण्याचा मोबदला मिळेल. दर तासावर ठरेल, आणि शिरूरचा गट दौंडच्या गटाला पाडून कमी दराने काम घेणार नाही, दौंडचाही शिरूरला नाही. सोल्युशन घराबाहेर. आणि चिठ्ठीवाचून पर्स नाही.

हे मान्य नसेल तर आत्ता बोला, वाद घाला. मान्य असेल तर गटाच्या वहीत आजच्या तारखेने लिहा आणि सह्या करा. सहा महिन्यांनी किती पर्स झाल्या, किती तास लागले, किती पैसे मिळाले, कोणाशी भांडण झालं, हे याच पानांवर तुम्ही लिहायचं आहे. तुमच्या नावाने, तुमच्या शब्दांत.

वही कोणाकडे आहे? पुढे द्या.